पूजेत मांडलेले ड्रिल

“दाजींनी जळगावहून बॅटरीवरचे खेळणे आणले. ऐन कामात ते बसले. म्हणून आमचा माणूस तारेच्या मशीनकडे गेला आणि टँकरच्या पोटात मेला.”

ही तीन वाक्ये माझ्या पत्नीच्या मामांची आहेत; त्यांतले दाजी म्हणजे मी. पारोळ्याच्या एका लग्नात, पंगत बसलेली असताना, माझ्यापासून चार पानांच्या अंतरावर ती उच्चारली गेली. म्हणजे मला ऐकू जावीत अशाच बेताने. त्यानंतर ती मी इतक्या तोंडून ऐकली आहेत की आता त्यांतला एक शब्दही हलत नाही. यांपैकी पहिल्या वाक्यातले ‘खेळणे’ वगळले तर ते वाक्य खरे आहे. दुसरे वाक्य धादांत खोटे आहे. तिसरे दुसऱ्याच्या खांद्यावर उभे असल्यामुळे तेही कोसळते. माणूस मेला, एवढाच त्यातला भाग उरतो, आणि तो मी कधी नाकारलेला नाही.

स्वतःला निर्दोष ठरवण्यासाठी मी हे लिहीत नाही. माझ्यावर चुकीचा आरोप ठेवला गेला आहे, इतकेच माझे म्हणणे. बरोबर आरोप कोणता, ते मी स्वतः सांगणार आहे. त्यासाठी मला मामांची मदत नको.

मेला तो माझा मेव्हणा, पत्नीच्या पाठचा भाऊ. चाळिशीला आलेला, अंगाने बारीक, हाताने चपळ माणूस. धुळ्यात आग्रा रोडला माझे वर्कशॉप होते. ट्रकच्या बॉड्या, ट्रॉल्या आणि पाण्याचे टँकर ही आमची कामे. टँकरच्या आत शिरण्याची वेळ आली की तो शिरे, कारण वरच्या झाकणाच्या भोकातून आमच्यापैकी तोच सहज जाऊ शके.

वर्कशॉप काढण्यापूर्वी अकरा वर्षे मी भुसावळला रेल्वेच्या शेडमध्ये फिटर होतो. तिथे एक नियम होता. बंद लोखंडी भांड्यात शिरणाऱ्या माणसाच्या हाती घरच्या विजेचा दिवा द्यायचा नाही. चहूबाजूंनी लोखंड, अंगावर घाम, पायाखाली ओल. तारेची साल जराशी निघालेली असली तरी माणूस सुटत नाही. म्हणून आत जाणाऱ्यासाठी चोवीस व्होल्टचा वेगळा दिवा असे. एकदा आळसाने मी साधाच दिवा उचलून निघालो, तेव्हा माझ्या मिस्त्रींनी कॉलर धरून मला मागे ओढले आणि सगळ्या पाळीसमोर विचारले, “तुझ्या बायकोला काय सांगू, तेवढं आधी लिहून दे.” तो नियम मी तेव्हापासून विसरलो नाही.

धुळ्यात आल्यावर दिव्याच्या बाबतीत मी तो पाळला. ड्रिलच्या बाबतीत पाळता येत नव्हता, कारण बॅटरीवर चालणारे ड्रिल आमच्याकडे कोणी पाहिलेलेच नव्हते. आमचे तारेचे ड्रिल जुने होते. मुठीजवळ त्याचे अंग तडकलेले होते आणि त्यावर काळी टेप गुंडाळलेली होती. त्याचा प्लग केव्हाच फुटला होता. तारेची दोन उघडी टोके सॉकेटच्या भोकांत घालून काड्यापेटीच्या काड्यांनी घट्ट करायची, ही आमची पद्धत. आमची म्हणजे आग्रा रोडवरच्या प्रत्येक वर्कशॉपची. मेव्हणा आतून बाहेर आला की हात झटकत म्हणे, “मुंग्या येतस दाजी, दुसरं काही नही.”

त्या मुंग्यांमुळे मी जळगावला गेलो. नव्वदीचे दशक निम्मे सरले होते. जळगावातल्या एका हत्यारांच्या दुकानात मुंबईहून बॅटरीची ड्रिल आल्याचे मला कळले होते. मामा सांगतात की मी दुकानात शिरलो, चकाकणारे दिसले ते उचलले आणि निघालो. मामा तिथे नव्हते. मेव्हणा होता. आणि माझ्या पिशवीत टँकरच्या पत्र्याचा वीतभर तुकडा होता.

दुकानदाराने तीन ड्रिल काढली. पहिले बारा व्होल्टचे, ताकदीचे. पण त्याची बॅटरी मुठीतून वीतभर खाली लोंबत होती. ते घेऊन टँकरच्या आत, आडव्या लोखंडी पडद्यांच्या मध्ये, कोपर वळवता आले नसते. दुसरे आटोपशीर होते. मी त्याचा चार्जर उलटून पाहिला. तो एकशे दहा व्होल्टचा, परदेशातल्या विजेवरचा निघाला.

“ट्रान्सफॉर्मर लावून घ्या भाऊ, काय मोठं आहे त्यात,” दुकानदार म्हणाला.

“म्हणजे तारेपासून सुटण्यासाठी मी आणखी एक तारेचं धूड घरी नेऊ?”

त्याने तिसरे पुढे केले. जपानी, नऊ पूर्णांक सहा व्होल्टचे. हातात धरले तर बंद मुठीएवढे. सोबत दोन बॅटऱ्या, चार्जर आपल्या विजेवर चालणारा. पुढच्या जबड्यात, म्हणजे चकमध्ये, भोके पाडण्याचे दहा मिलिमीटरपर्यंतचे बीट बसत होते. वेग दोन, सावकाश वेग लोखंडासाठी, आणि उलटे फिरवण्याची सोय. चकच्या मागे आकडे लिहिलेले एक कडे होते. ते फिरवून आकडा लावला की स्क्रू बसताक्षणी मशीन आपोआप सुटे, म्हणजे स्क्रूचे डोके छिलले जात नसे. केबिनच्या फळ्या बसवताना हाताने स्क्रू आवळून आमचे तळवे सोलत असत, त्यांना हे औषधच होते. मी पिशवीतून पत्रा काढून काउंटरवर ठेवला.

“भाऊ, दुकानात कोणी लोखंड घेऊन येतं का?”

“नारळ घेताना तुम्ही हलवून बघता ना?”

मेव्हणा एवढा वेळ मागे उभा राहून गालात हसत होता. “हाई खेळनं शे, दाजी. हाई काय काम करी?”

“धर,” मी म्हणालो.

त्याने आधी बारीक बीटाने आणि मग सहा मिलिमीटरच्या बीटाने भोके पाडायला सुरुवात केली. एका बॅटरीवर एकोणीस भोके झाली. विसावे अर्ध्यावर अडकले तेव्हा तो लहान मुलासारखा ओरडला, “ईसवं काही व्हयनं नही, दाजी!” दुकानदार म्हणाला, “पाव्हणे, आता दुसरी बॅटरी लावून माझा काउंटर फोडू नका.” एकोणीस हा आकडा वाचकांनी ध्यानात ठेवावा. मामांनी तो कधीच विचारला नाही.

धुळ्यात हसणारे पुष्कळ भेटले. शेजारचा बॉडीवाला रोज सकाळी मला विचारी, “काय आबा, दाढी झाली का मशीननं?” मेव्हण्याने पहिले पंधरा दिवस त्याच्या हसण्यात आपले हसणे मिळवले. मग ते थांबले. तो आतून बाहेर येऊन हात झटकेनासा झाला. त्याच्या बहिणीने जुन्या पँटच्या कापडाची एक पिशवी शिवून दिली. ती खांद्याला अडकवून, ड्रिल तीत घालून तो टँकरवर चढे. संध्याकाळी दोन्ही बॅटऱ्या भरून ठेवण्याचे काम त्याने मला न विचारता आपल्याकडे घेतले. आठ महिने हे असेच चालले.

जुने तारेचे ड्रिल मी मोडीत काढायला हवे होते. काढले नाही. चासीच्या जाड पट्ट्यांना बारा मिलिमीटरची भोके लागत, ती नव्याच्या आवाक्यात नव्हती. म्हणून ते राहिले. हा माझ्या अपराधाचा पहिला भाग. मामांच्या यादीत तो नाही.

त्या वर्षी पाऊस झाला नव्हता. शिंदखेडा तालुक्यातल्या गावांना ऑक्टोबरातच टँकर सुरू झाले होते. खंडेनवमी आली.

आमच्याकडे नवमीच्या सकाळी सगळी हत्यारे धुऊन, तेल लावून, बाकड्यावर पांढरे कापड अंथरून मांडली जात. हळद-कुंकू, झेंडू, नारळ. एकदा मांडली की दसऱ्याच्या दुपारी पूजा उठेपर्यंत त्यांना कोणी हात लावायचा नाही. खंडित हत्यार, म्हणजे चिरलेले, तडकलेले, पूजेत ठेवायचे नाही. हा नियम मला भुसावळच्या त्याच मिस्त्रींनी घालून दिला होता, ज्यांनी माझी कॉलर धरली होती. दोन्ही नियम मी एकाच माणसाकडून घेतले आणि दोन्ही सारख्याच कडकपणे पाळले. ते कधी एकमेकांच्या आड येतील, असे मला वाटले नव्हते.

त्या सकाळी मांडामांड आम्ही दोघांनीच केली. बाकीचे कामगार आपापल्या गावी गेले होते. पाने, हातोडे, करवती, वेल्डिंगचे चिमटे मी ओळीने लावले. मेव्हण्याने पिशवीतून बॅटरीचे ड्रिल काढले, पुसले, चकमधले बीट काढून बाजूला ठेवले आणि तिथे झेंडूच्या एका फुलाचा देठ घालून चक हाताने आवळला.

“हे काय?” मी विचारले.

“हिलेबी नटू द्या, दाजी. आठ महिने राबनी.”

मला ते फारसे आवडले नाही, तरी मी ते तसेच राहू दिले. मग त्याने तारेचे ड्रिलही धुतल्यासारखे पुसून आणले. मी हात आडवा केला.

“ते नाही. खंडित आहे.”

“मंग कुठे ठेवू?”

“कुठेही ठेव. पूजेत नको.”

त्याने ते बाकड्याखालच्या खोक्यात ठेवले. एवढेच संभाषण झाले. गेली कित्येक वर्षे मी ते पुन्हा पुन्हा उलगडून पाहतो आहे, आणि प्रत्येक वेळी ते तेवढेच निघते.

अकराच्या सुमारास एक टँकर येऊन दारात उभा राहिला. टँकरच्या आत आडवे लोखंडी पडदे असतात. पाणी उसळून गाडी उलटू नये म्हणून ते लागतात. या टँकरचा एक पडदा एका बाजूने सुटला होता. वळणावर तो आपटे आणि गाडी रस्ता सोडून ओढली जाई. नवी भोके पाडून बोल्ट आवळायचे होते.

“आबा, दोन गावं हंडे मांडून बसलीत,” ड्रायव्हर म्हणाला. “कालपासून फेरी नाही.”

“उद्या दुपारी ये. पूजा उठली की पहिलं काम तुझं.”

“पाण्याला पूजा कळते का आबा?”

“मला कळते.”

मेव्हणा टँकरवर चढून आत डोकावून आला. “आठ भोकं शेतस, दाजी. अर्ध्या तासनं काम.”

मी म्हणालो, “पूजेतल्या हत्याराला हात लावायचा नाही. हे मी दुसऱ्यांदा सांगणार नाही.” आणि जेवायला घरी गेलो. घर दोन गल्ल्या पलीकडे होते.

माझे शब्द वाचकांनी नीट पाहावेत. आज काम करायचे नाही, असे मी म्हणालो नव्हतो. पूजेतल्या हत्याराला हात लावायचा नाही, असे म्हणालो होतो. काही लोक सांगतात की त्याने माझा शब्द मोडला. त्याने माझा शब्द अक्षरशः पाळला. तो तसाच माणूस होता.

पुढचे मी ड्रायव्हरकडून ऐकले, त्याच दिवशी, सिव्हिल हॉस्पिटलच्या ओट्यावर. मेव्हण्याने बाकड्याखालून तारेचे ड्रिल काढले. ड्रायव्हरने बाकड्यावर बोट दाखवून म्हटले, “ते लहान मशीन घे ना भाऊ, मागे तेच घेतलं होतं तू.” मेव्हणा म्हणाला, “ती पूजामा शे. दाजी रागे भरतीन.” मग हातातले ड्रिल वर करून हसला. “हाई खंडित शे. हिले सुट्टी नही.”

एरवी दुपारी वीज जात असे. सण म्हणून त्या दिवशी ती होती.

टँकरच्या तळाशी चार बोटे पाणी उरले होते. आत भट्टीसारखे तापले होते, म्हणून त्याने शर्ट काढला, चपला वर ठेवल्या आणि आत उतरला. ड्रायव्हर झाकणापाशी बसून होता. तीन भोके झाली. चौथ्याच्या वेळी ड्रिलचा आवाज सुरू झाला तो थांबेना. ड्रायव्हरने हाक मारली, उत्तर आले नाही, आवाज मात्र तसाच चालू राहिला. तो टँकरवरून उडी मारून खाली आला आणि त्याने सॉकेटमधून तारा उपटल्या.

झाकणाच्या भोकातून जिवंत माणूस हात वर करून आत-बाहेर करतो. जो हात वर करत नाही, त्याला काढता येत नाही. शेजारचा बॉडीवाला, तोच दाढीची चेष्टा करणारा, आत उतरला आणि त्याने काखेखालून दोर बांधला. मला निरोप मिळून मी धावत आलो, तेव्हा त्याला जमिनीवर ठेवलेले होते. उजव्या हाताची मूठ उघडत नव्हती. हॉस्पिटलात डॉक्टरांनी फार वेळ घेतला नाही. पत्नीला मीच जाऊन सांगितले. काय सांगायचे, ते कोणी लिहून दिलेले नव्हते.

आता मामांचे दुसरे वाक्य. ते कुठून आले, ते मला ठाऊक आहे. वर्कशॉप मी सव्वा महिना बंद ठेवले. उघडले त्या दिवशी मामा आले होते. त्यांनी पिशवीतून ड्रिल काढून खटका दाबला. ते घरघरले, दोन वेढे फिरले आणि थांबले. मामा माझ्याकडे पाहून म्हणाले, “हे बसलं होतं तर.” न वापरता पडून राहिलेली बॅटरी आपोआप उतरत जाते, हे मी त्यांना तिथेच सांगितले. त्यांनी ऐकले नाही. त्यांना कारण सापडले होते, आणि ते हातात मावण्याएवढे होते. खरे म्हणजे साधा हिशेब होता. भोके आठ, एका बॅटरीची भोके एकोणीस, आणि बॅटऱ्या दोन, दोन्ही आदल्या संध्याकाळी त्याच्याच हाताने भरलेल्या. ड्रायव्हरचे बोलणे मी सांगितले, तर म्हणाले की तो तुमचे गिऱ्हाईक, तुमचीच बाजू सांगणार.

आणखी एक आवृत्ती आहे. ती माझ्या पत्नीची. तिने ती एकदाच सांगितली, डाळ निवडताना, माझ्याकडे न पाहता. “पूजेत नसतं तरी त्यानं तेच जुनं घेतलं असतं. त्याचा त्या लहान मशीनवर विश्वास नव्हता.” सख्खा भाऊ गमावलेल्या बाईने नवऱ्याला सोडवण्यासाठी हे म्हणावे, यात केवढे औदार्य आहे ते मला कळते. तरी मी ते स्वीकारले नाही. ज्याचा विश्वास नाही, तो माणूस चकमध्ये फूल आवळत नाही.

“तुम्हाला दोषी व्हायचंच आहे का?” तिने विचारले.

“मला खोटं सुटायचं नाही.”

ती ताट उचलून आत गेली. त्यानंतर आमच्या घरात हा विषय निघालेला नाही. मामांच्या घरात तो प्रत्येक लग्नात निघतो. आणि त्यांची आवृत्ती जितकी पसरते, तितका मेव्हणा लहान होत जातो: काम अडले म्हणून घाईने वाटेल ते उचलणारा एक अडाणी कामगार. तो तसा नव्हता. त्याच्यासमोर भरलेले, बिनधोक यंत्र होते. ते त्याला हवे होते. ते त्याने घेतले नाही, कारण ते मी पूजेत मांडले होते आणि हात लावायचा नाही असे बजावले होते. जीव घेणारे तेवढे मी पूजेबाहेर, मोकळे ठेवले होते. हा बरोबर आरोप. तो माझ्यावर ठेवावा. मी मान खाली घालून उभा राहीन. बॅटरीच्या ड्रिलची माझी निवड मात्र चुकलेली नव्हती.

याला पुरावा काय, असे मामा विचारतील. पुरावा आहे, आणि त्याला एक साक्षीदारही होता, जो आमचा कोणी लागत नव्हता.

मेव्हणा गेला त्याच दिवशी चारच्या सुमारास पंचनाम्यासाठी एक हवालदार माझ्याबरोबर वर्कशॉपमध्ये आला. त्याने टँकर पाहिला, सॉकेटमधल्या काड्या पाहिल्या, तडकलेले ड्रिल कापडात बांधून घेतले. मग तो बाकड्यापाशी थांबला. समईतले तेल संपले होते. हत्यारे सकाळी मांडली तशीच ओळीने होती.

“हे काय?”

“ड्रिल.”

“हे? याची तार कुठे आहे?”

“बॅटरीवर चालते.”

त्याने माझ्याकडे पाहिले. “चालते?”

पंचनाम्यात पुढची नोंद नाही; फुलाची नोंद कोण घेतो? पूजा उठलेली नव्हती. तरी मी हात पुढे केला, हळद-कुंकू न पुसता ते ड्रिल उचलले आणि खटका दाबला. आणि मेव्हण्याने सकाळी स्वतःच्या हाताने आवळलेले झेंडूचे फूल गरगर फिरू लागले.